नखकलेतील एअरब्रश : साधनाचा इतिहास आणि नवशिक्यांची निवड

प्रस्तावना

साधनांचा इतिहास म्हटला की आपले लक्ष यंत्रमाग, आगगाडी, छापखाना अशा मोठ्या साधनांकडे जाते. ब्युटी पार्लरच्या टेबलावरील पेनाएवढे एखादे साधन इतिहासाच्या अभ्यासकाला विषय म्हणून सहसा सुचत नाही. प्रस्तुत लेखिकेलाही तो सुचला नव्हता. द्वितीय वर्ष कला वर्गातील एका विद्यार्थिनीने तो समोर आणून ठेवला.

ही विद्यार्थिनी पेणची. तिच्या घरी गणेशमूर्ती रंगवण्याचे काम चालते. पेणच्या कारखान्यांत मूर्तीच्या अंगाला रंग देण्यासाठी कॉम्प्रेसरवर चालणारी स्प्रे गन आता सर्रास वापरली जाते. डोळ्यांची आखणी मात्र हातानेच होते. सुट्टीत नेल आर्टचा लहानसा अभ्यासक्रम करून आलेल्या या मुलीने कारखान्यातील गन आपल्याच नखावर चालवून पाहिली आणि क्षणार्धात नखासह अर्धे बोट गुलाबी झाले. "मॅडम, हवा तीच, रंग तोच. मूर्तीवर नीट बसतो, मग नखावर का बसत नाही?" असा तिचा प्रश्न होता. त्यामागे आणखी एक प्रश्न होता. मूर्ती रंगवून साठवलेले साडेसहा हजार रुपये तिच्याजवळ होते आणि बाजारातील प्रत्येक खोक्यावर 'नवशिक्यांसाठी' असे छापलेले होते. यांतील कोणते घ्यावे?

हा प्रश्न खरेदीचा आहे, इतिहासाचा नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु एअरब्रशचा इतिहास चाळू लागल्यावर वेगळेच ध्यानात आले. नवशिक्यापुढे आज जे पर्याय मांडलेले असतात, त्यांतील जवळजवळ प्रत्येक पर्याय कोणत्या ना कोणत्या जुन्या व्यवसायाच्या गरजेतून जन्माला आलेला आहे. हे साधन मुळात कोणाच्या हातासाठी घडले, हे कळले की ते नखासाठी घ्यावे की नाही याचेही उत्तर बव्हंशी मिळते. प्रस्तुत निबंधात याच दृष्टीने या साधनाचा मागोवा घेतला आहे.

छायाचित्रकाराच्या टेबलावर

एअरब्रशचा जन्म चित्रकाराच्या स्टुडिओपेक्षा छायाचित्रकाराच्या टेबलाशी अधिक जवळचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाचित्र मोठे करून छापले की ते फिकट व धूसर येई. त्यावर खडू, शाई किंवा जलरंग यांनी हात फिरवून चेहरा उठावदार करणारे कारागीर लागत. ब्रशाच्या फटकाऱ्याची रेघ दिसू न देता सावली हळूहळू गडद करत नेणे ही त्यांच्यापुढील खरी अडचण होती. १८७६ मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस एडगर स्टॅन्ले यांनी रंग फवारण्याच्या एका उपकरणाचे पेटंट घेतले. पुढे आपल्या जुळ्या भावासह छायाचित्रणाच्या कोरड्या काचा आणि वाफेवर चालणाऱ्या मोटारी बनवणारे स्टॅन्ले ते हेच.

१८७९ च्या सुमारास आयोवा राज्यातील ॲब्नर पीलर यांनी याहून सूक्ष्म असे साधन तयार केले. त्याची रचना आजच्या एअरब्रशशी जुळत नाही. हवेच्या झोताने एक चिमुकले चाक फिरे, त्यामुळे सुई वेगाने मागेपुढे होई, रंगात बुडून बाहेर आलेल्या तिच्या टोकावरचा रंग हवेचा दुसरा झोत उडवून देई. हवा हातपंपाने भरावी लागे. हे साधन सुधारून 'एअरब्रश' या नावाने बाजारात आणले ते इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथील लिबर्टी वॉकअप यांनी. त्यांच्या पत्नी फीबी वॉकअप या साधनाचे शिक्षण देत असत. साधनासोबत त्याचे शिक्षणही विकावे लागते, ही गोष्ट त्या काळीच उमगलेली दिसते. आज खोक्यासोबत चार ओळींचे माहितीपत्रक देऊन मोकळे होणाऱ्या विक्रेत्यांना ती अद्याप उमगलेली नाही.

निर्णायक बदल घडवला तो चार्ल्स बर्डिक यांनी. १८९२ मध्ये त्यांनी निर्माण केलेल्या ब्रशात सुई थेट नोझलमधून जाते आणि हवा व रंग यांचा मिलाफ टोकाशीच होऊन रंगाचे बारीक तुषार बनतात. १८९३ मध्ये शिकागोच्या विश्वप्रदर्शनात थेअर अँड चँडलर या कंपनीने हे साधन लोकांपुढे मांडले. या प्रदर्शनाच्या निमित्तानेच भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत त्याच वर्षी स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले. आपल्याकडे शिकागोचे ते वर्ष स्मरणात आहे ते त्या भाषणामुळे. बर्डिक पुढे इंग्लंडला गेले व तेथे त्यांच्या एरोग्राफ कंपनीचा जम बसला. शिकागोत १९०४ मध्ये पाशे, जपानमध्ये १९२६ मध्ये इवाता अशा कंपन्या उभ्या राहिल्या. साधनाचा सांगाडा मात्र आजतागायत बर्डिक यांनी दिला तोच राहिला आहे.

या इतिहासातून नवशिक्याला उपयोगी पडणारी एक गोष्ट हाती लागते. आत मिश्रण होणारा आणि बाहेर मिश्रण होणारा असे ब्रशाचे जे दोन प्रकार दुकानात मिळतात, त्यांतील पहिला बर्डिक यांच्या घराण्यातला, म्हणजे चेहऱ्याच्या सावल्यांसाठी घडलेला. दुसऱ्यात रंगाची नळी आणि हवेची नळी वेगवेगळ्या असून त्यांची भेट बाहेर उघड्यावर होते. त्याचे तुषार जाड असतात. तो स्वस्त, धुवायला सोपा आणि मोठ्या पृष्ठभागाला ठीक असतो. नखाची रुंदी जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर. तेथे त्याचा उपयोग नाही, असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

मोटारीचा रंग आणि नखाचा रंग

फवाऱ्याची दुसरी शाखा वैद्यकातून आली. अमेरिकेतील टोलेडो येथील डॉ. ॲलन डेव्हिल्बिस यांनी घशात औषध फवारण्याचे उपकरण बनवून १८८८ मध्ये त्याचा व्यवसाय सुरू केला. त्याच तत्त्वावर पुढे अत्तराच्या फवाऱ्याच्या कुप्या निघाल्या आणि १९०७ मध्ये त्यांच्या मुलाने रंगकामाची स्प्रे गन तयार केली. पेणच्या कारखान्यातील गन या शाखेतील आहे. कमी वेळात अधिक जागा झाकणे हे तिचे ध्येय. तिच्या नोझलचे भोक रुंद, हवेची मागणी मोठी आणि रंगाचा शंकू पसरट असतो. विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. हवा आणि रंग तेच असले तरी साधनाचे घराणे वेगळे होते.

या शाखेचा आणि नखाचा संबंध मात्र एका अनपेक्षित वाटेने आलेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर स्फोटकांच्या उद्योगात वापरले जाणारे नायट्रोसेल्युलोज मुबलक उपलब्ध झाले. ड्यूपाँ कंपनीने त्यापासून 'ड्यूको' हा मोटारीचा रंग काढला आणि १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या गाड्यांवर तो झळकला. मोटार रंगवायला पूर्वी काही आठवडे लागत. हा रंग गनने फवारला की लवकर वाळे. याच नायट्रोसेल्युलोजच्या पायावर आधुनिक नेलपॉलिशही उभे आहे. १९३२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स व जोसेफ रेव्हसन हे बंधू आणि रसायनज्ञ चार्ल्स लॅकमन यांनी रेव्हलॉन कंपनी काढली, ती रंगद्रव्य घातलेल्या अपारदर्शक नेलपॉलिशच्या बळावर. नॉर्थॅम वॉरन यांची 'क्युटेक्स' कंपनी त्याआधीची. नखाच्या मुळाशी असलेली त्वचा मऊ करण्याच्या औषधाने तिची सुरुवात झाली होती. आपल्या मध्यमवर्गीय घरांत नेलपॉलिशला अनेक वर्षे 'क्युटेक्स'च म्हणत, मग बाटली कोणत्याही कंपनीची असो. १९५२ मध्ये टाटांच्या पुढाकाराने लॅक्मे सुरू झाल्यानंतरही हा शब्द बराच काळ टिकून राहिला. कंपनीचे नाव वस्तूचे नाव होऊन बसण्याचे मराठी बोलीतील हे चांगले उदाहरण होय.

रंग एका कुळातला आणि गनही त्याच कारखान्यात रुळलेली असताना नेलपॉलिश सरळ एअरब्रशमध्ये ओतावे, हा विचार नवशिक्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अनेकजणी तो प्रयोग करतातही. पण तसे करणे योग्य नाही. नेलपॉलिश फवारण्याइतके पातळ करायला ॲसिटोनसारखे द्रावक लागते, ते भडका घेणारे असते आणि बंद खोलीत त्याचे तुषार श्वासात जातात. ते नोझलमध्येच वाळून बसते आणि स्वस्त ब्रशातील रबरी कडी फुगवते. मोटारीच्या कारखान्यात यासाठी वेगळे दालन व हवा खेचणारे पंखे असतात. घरातील पलंगाच्या कडेला बसून काम करणाऱ्या मुलीकडे ते नसतात.

पार्लरमधील प्रवेश

नखावर एअरब्रश नेमका कोणी प्रथम चालवला याचा शोध घेण्यापेक्षा तो तेथे केव्हा व का रुजला, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. त्यासाठी तीन घटना एकत्र याव्या लागल्या. पहिली घटना कृत्रिम नखांची. १९५० च्या दशकात अमेरिकेतील दंतवैद्य फ्रेड स्लॅक यांनी दातांसाठीचे ॲक्रिलिक वापरून तुटलेले नख दुरुस्त केले, तेथून ॲक्रिलिक नखांचा व्यवसाय वाढला आणि रंगवण्यासाठी मोठी, सपाट, कडक जागा उपलब्ध झाली. दुसरी घटना पार्लर स्वस्त होण्याची. व्हिएतनाम युद्धानंतर १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील निर्वासितांच्या छावणीत अभिनेत्री टिप्पी हेड्रन यांनी वीस व्हिएतनामी स्त्रियांना नखांचे काम शिकवण्याची व्यवस्था केली. पुढील दोन दशकांत अमेरिकेतील या व्यवसायाचा चेहरामोहराच व्हिएतनामी झाला. दर उतरले. अशा वेळी कमी मिनिटांत नक्षी काढून देणाऱ्या साधनाला मागणी येणे साहजिक होते. स्टेन्सिल धरून फवारलेला पाण्याचा रंग जवळपास लगेच वाळतो. नखाबाहेर त्वचेवर उडालेला रंग वरचा चकाकीचा थर बसल्यावर साबणपाण्याने धुऊन टाकता येतो. १९९० च्या दशकात फ्रेंच मॅनिक्युअरचे पांढरे टोक या रीतीने फवारले जाऊ लागले.

तिसऱ्या घटनेकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप ही संगणकप्रणाली बाजारात आली. तिच्यात 'एअरब्रश' याच नावाची सोय होती. तोवर जाहिरात, मासिकांची मुखपृष्ठे, छायाचित्रांची दुरुस्ती ही एअरब्रशची हक्काची कामे होती. सोव्हिएत राजवटीत नकोशा झालेल्या नेत्यांना छायाचित्रांतून पुसून टाकणाऱ्या कारागिरांच्या हातीही हेच साधन असे. निकोलाय येझोव्ह यांचे स्टालिनच्या शेजारून नाहीसे होणे हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ही सर्व कामे दहा-पंधरा वर्षांत संगणकाने काढून घेतली. उपयोजित कलेच्या वर्गांतील एअरब्रश कपाटात गेले. ज्या दशकात साधन स्टुडिओतून बाहेर पडले, त्याच दशकात ते पार्लरमध्ये, बेकरीत आणि खेळण्यांच्या प्रतिकृती रंगवणाऱ्यांच्या खोलीत रुळले. हा निव्वळ योगायोग नसावा, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. उत्पादकांना नवे गिऱ्हाईक हवे होते.

मात्र नवे गिऱ्हाईक मिळाले तरी साधन फारसे बदलले नाही. आज 'नेल आर्ट', 'केक', 'मेकअप' आणि 'मॉडेल' अशा चार वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावलेल्या खोक्यांत पुष्कळदा एकच ब्रश असतो. नवशिक्याची फसगत येथे होते.

नवशिक्याची निवड

आता विद्यार्थिनीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. ब्रशात रंग वरून कपातून उतरतो किंवा खालच्या बाटलीतून वर ओढला जातो. बाटलीचा प्रकार टी-शर्ट रंगवणाऱ्यांना सोयीचा, कारण त्यांना एकच रंग तासन्तास लागतो. रंग वर ओढायला हवेचा दाबही अधिक लागतो. दहा नखांना एका रंगाचे मोजके थेंब पुरतात आणि प्रत्येक नखाला रंग बदलावा लागू शकतो. त्यामुळे वर कप असलेला ब्रश घ्यावा, हे निर्विवाद.

नोझलच्या भोकाबाबत मतभेद आहेत. ०.२ मिलिमीटरचे भोक सर्वांत बारीक रेषा देते, म्हणून अनेक विक्रेते नखांसाठी तेच सुचवतात. परंतु रंग किती पातळ करावा याचा अंदाज नवशिक्याला नसतो. ०.२ चे नोझल तासाभरात दोनदा तुंबते, ते साफ करताना सुईचे टोक वाकते आणि वाकलेल्या टोकाने फवारा एका बाजूला जाऊ लागतो. ०.५ चे नोझल केकसाठी ठीक. सुरुवातीला ०.३ मिलिमीटर घ्यावे आणि एक सुटी सुई सोबत मागून घ्यावी, हे अधिक व्यवहार्य होय.

खटका एक क्रियेचा की दोन क्रियांचा, हा वाद जुना आहे. एक क्रियेच्या ब्रशात खटका दाबला की हवा व रंग एकदमच येतात आणि रंगाचे प्रमाण मागच्या स्क्रूने आधीच ठरवावे लागते. दोन क्रियांच्या ब्रशात खाली दाबले की हवा येते, मागे ओढले की रंग. फक्त स्टेन्सिलवर काम करायचे असेल तर पहिला पुरेसा आहे आणि तो वाईट मुळीच नाही. परंतु एका रंगातून दुसऱ्या रंगात हलकेच विरत जाणारी छटा, जिच्यासाठी हे साधन मुळात जन्माला आले, ती बोटाच्या ओढीनेच साधते. आठवडाभर त्रास सोसायची तयारी असेल तर दुसराच घ्यावा.

खरा खर्च ब्रशाचा नसून हवेचा आहे, आणि तेथेच काटकसर करण्याचा मोह होतो. वॉकअप यांच्या काळी पायपंप होते. पुढे दाबलेल्या वायूच्या नळकांड्या आणि विजेचे कॉम्प्रेसर आले. टाकी नसलेला लहान कॉम्प्रेसर हवा हिसक्याहिसक्याने देतो आणि तो हिसका नखावर ठिपक्यांच्या रूपाने उमटतो. सुमारे तीन लिटरची टाकी असलेला, तेल न लागणारा पिस्टन कॉम्प्रेसर हवा स्थिर ठेवतो. टाकी भरली की तो आपोआप बंदही होतो. दोन खोल्यांच्या घरात ही शांतता मोलाची. नखांना साधारण १५ ते २५ पीएसआय दाब पुरतो, पण तो मोजायला व कमी-जास्त करायला रेग्युलेटर हवाच. पाणी अडवणारा फिल्टर हा आपल्याकडे चैनीचा भाग मानला जातो. कोकणात तो अत्यावश्यक आहे. दमट हवा दाबली की तिच्यातील पाणी सुटते आणि नळीतून थेंब बनून नखावर पडते. कोरड्या प्रदेशात बसून लिहिलेल्या माहितीपत्रकात याचा उल्लेख नसला तरी जुलै महिन्यात पेणला तो ध्यानात येतोच.

अलीकडे ब्रशाच्या बुडालाच बॅटरीवरचा चिमुकला कॉम्प्रेसर जोडलेले संच पुष्कळ विकले जातात. २०२० नंतर नखाच्या मध्यभागी धूसर रंगाचा गोल फवारण्याची, 'ऑरा' म्हणून ओळखली जाणारी नक्षी लोकप्रिय झाल्यापासून त्यांचा खप वाढलेला दिसतो. त्यांना नळी नसते, आवाज कमी असतो, किंमतही कमी असते. तेवढीच एक नक्षी काढायची असेल तर ते चालतील. परंतु यांतील पुष्कळ संचांत दाब ठरावीक दोन-तीन पायऱ्यांवरच बांधलेला असतो, त्यामुळे दाब आणि अंतर यांचा संबंध हाताला शिकता येत नाही. शिकण्याचे साधन म्हणून त्यांची शिफारस करवत नाही.

एक क्षुल्लक वाटणारी बाब राहिली, ती नळीच्या आट्यांची. जपानी ब्रशांना आणि त्यांच्या धर्तीवर बनलेल्या चिनी ब्रशांना सहसा १/८ इंची आटे असतात. बॅजर आणि पाशे या अमेरिकी कंपन्यांचे आटे त्यांहून वेगळे. शंभर वर्षांपूर्वीच्या कंपन्यांतील चढाओढीचा हा अवशेष आजही ग्राहकाला जोडणी विकत घ्यायला लावतो. ब्रश एका दुकानातून आणि कॉम्प्रेसर दुसऱ्या दुकानातून घेणाऱ्याने ती आधीच विचारून घ्यावी.

रंगाच्या बाबतीत मात्र तडजोड नसावी. नखांसाठी बनवलेले पाण्याचे ॲक्रिलिक रंगच फवारावेत. जेल पॉलिश फवारण्याची प्रथा वाढत असली तरी न वाळलेल्या जेलमधील घटकांची त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते. युरोपीय संघाने त्यांतील 'हेमा' या घटकाच्या नखप्रसाधनांवर केवळ व्यावसायिक वापराचे बंधन घातले आहे, ते याच कारणास्तव. ब्रशाने लावलेले जेल नखावर राहते. फवारलेले जेल बोटावर, टेबलावर आणि समोर बसलेल्या मुलीच्या मनगटावरही बसते. पाण्याचा रंग असला तरी तुषार नाकात जातातच, म्हणून एन-९५ मुखपट्टी आणि उघडी खिडकी ही साधनांच्याच यादीत धरली पाहिजेत.

सौंदर्यव्यवसायाच्या इतिहासात हा भाग सर्वांत कमी नोंदला गेला आहे. ॲक्रिलिक नखांच्या सुरुवातीच्या काळात मिथाइल मेथॅक्रिलेट या द्रव्याने नखांना व त्वचेला इजा झाल्याच्या तक्रारी आल्या आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० च्या दशकात त्याविरुद्ध न्यायालयीन कारवाई केली. त्या तक्रारी गिऱ्हाइकांच्या होत्या. दिवसभर तीच वाफ श्वासात घेणाऱ्या कामगार स्त्रियांचे म्हणणे कागदावर यायला त्यानंतर बरीच वर्षे जावी लागली. छायाचित्रांना रंग देणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांबद्दलही आपल्याला त्यांच्या कामावरून जेवढे कळते, तेवढे त्यांच्या स्वतःच्या शब्दांतून कळत नाही.

विद्यार्थिनीने शेवटी वर कप असलेला, दोन क्रियांचा, ०.३ चा ब्रश आणि टाकीचा कॉम्प्रेसर घेतला. फिल्टर व रेग्युलेटर धरून साडेसहा हजारांत बसेना, म्हणून रंगांच्या बाराऐवजी चारच बाटल्या घेतल्या. पहिले दोन आठवडे तिने नखाला हात लावला नाही. रद्दी कागदावर ठिपके आणि रेषा काढल्या, मग प्लॅस्टिकच्या नखांवर हात बसवला. भाद्रपदाच्या आधी कारखान्यात गर्दी असल्याने ती महिनाभर महाविद्यालयात आली नाही. आली तेव्हा तिने इतिहासाच्या वहीची मागची पाने उघडून दाखवली. तारीख, दाब, नखापासूनचे अंतर आणि रंगात घातलेल्या पाण्याचे थेंब अशा चार रकान्यांत तिने प्रत्येक प्रयत्नाची नोंद केली होती. बिघडलेल्या नखांचीसुद्धा.